पुरख्यांना कंपाउंड

सेमरडीहच्या मेलेल्या माणसांना मोठा धोका आहे, हे भूषण कापगतेला पार्षद म्हणजे नगरसेवक झाल्यावर कळलं. त्याआधी त्याला धोका माहीत होता तो फक्त डेंग्यूचा, आणि तो जिवंत माणसांना असल्यामुळे नगर पंचायतीनं त्यात फारसं मन घातलेलं नव्हतं.

भिलाईत रुआबांध्याच्या पलीकडे, जिथून स्टील प्लांटच्या चिमण्या अंगठ्याएवढ्या दिसतात, तिथं तळ्याच्या काठावर गोंडांचे पुरखे उभे आहेत. उभे म्हणजे दगड. माणूस गेला की त्याच्या नावाचा एक दगड, कुणाचा गुडघ्याएवढा, कुणाचा पार छातीपर्यंत. किती पिढ्यांचे, ते कुणी मोजलं नव्हतं, कारण मोजायचं कुणाला काही अडलं नव्हतं. नगर पंचायतीनं मोजले. नुसते मोजून थांबली तर ती नगर पंचायत कसली. प्लांटमध्ये मोटारींवर आणि पंपांवर टाकतात तसे प्रत्येकाच्या पोटावर पिवळ्या ऑइल पेंटनं नंबर टाकले. खाली टाइल्स बसवल्या. भोवती लोखंडी ग्रिल, ग्रिलला फाटक, फाटकाला कुलूप आणि फाटकाशेजारी सगळ्या पुरख्यांपेक्षा उंच असा एक बोर्ड: 'संरक्षित स्थल. यहाँ पत्थर लाना, ले जाना या हटाना दंडनीय है.' त्याखाली 'भूषण शामराव कापगते, पार्षद', बाकीच्या मजकुराच्या दुप्पट अक्षरात. पुरख्यांची नावं लिहायला जागा उरली नाही, त्याला कोण काय करणार?

आज त्या जागेचं लोकार्पण होतं, आणि आजच हिराचा दगड बसायचा होता.

हिरा म्हणजे भूषणची काकी, शालिकरामची बायको. याच सेमरडीहच्या गोंडाची लेक. शालिकरामनं तिला घरी आणली तेव्हा साकोलीपासून भिलाईपर्यंतच्या समस्त कापगत्यांनी काय काय तमाशे केले ते सगळ्या गावाला पाठ आहे. पुन्हा उगाळत बसत नाही. एवढंच ध्यानात असू द्यावं, की ती बाई त्या घरात राहिली, राबली, लेक वाढवली, म्हातारी झाली आणि मेली, पण घरातली झाली नाही. कुणी पाहुण्यानं विचारलं की मोठी जाऊ, भूषणची आई शकुबाई, सांगायच्या, "थे ना? शालिकची बाई." तेवढीच ओळख. मागच्या उन्हाळ्यात हिरा गेली. शेवटी शेवटी तिनं एकच मागितलं होतं, की माझा दगड माझ्या मायबापाजवळ बसवा. धान कापून झालं की त्या वर्षी गेलेल्यांचे दगड बसवायचे, अशी त्यांची रीत. धान कापून झालं होतं.

दोन्ही कार्यक्रम एकाच मांडवात उरकायची कल्पना अर्थातच भूषणची. काकी जिवंत असताना त्याला तिची जात अडचणीची वाटायची. अध्यक्षपदाच्या तिकिटाची बोलणी सुरू झाली आणि तीच जात एकदम अभिमानाची झाली.

"काकी आपली, जागा बी आपली," सकाळी नवं जाकीट चढवत तो बायकोला, मोनाला, सांगत होता. "मुख्य अतिथी रिबन कापतीन, मग लगेच काकीचा दगड. इमोशनल होते पब्लिक."

"पेपरवाले आ रहे हैं ना?" मोनानं विचारलं.

"त्याच्याशिवाय इमोशनल कायले व्हायचं?"

शामराव, म्हणजे भूषणचे वडील, अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते कुठल्याही गोष्टीला हिरवा झेंडा दाखवत नसत, लालही दाखवत नसत. नुसते प्लॅटफॉर्मवर उभे असल्यासारखे पाहत राहत. तेवढ्यात टीनाची स्कूटर फाटकात येऊन थांबली. टीना ही हिराची लेक. दुर्गला शाळेत शिकवते. तिनं हेल्मेटही काढलं नाही.

"भूषणदादा, मामाले गेटवरच थांबवलं तुह्या चौकीदारानं. टेम्पोत दगड घेऊन ताटकळून राहिले थे."

"कावून?"

"तुहाच बोर्ड वाचून दाखवला त्यानं. पत्थर लाना दंडनीय है."

भूषण हसला. मग ते हसू अर्ध्यावर अडलं, कारण त्याला आठवलं, की तो ठराव मांडणारा तोच होता. टाळ्याही त्यालाच मिळाल्या होत्या. लोक दगड उचलून नेतात, कुणी उगाच नवे आणून ठेवतील, जागेवर हक्क सांगतील, तेव्हा आता आहे तेवढंच राहील आणि कायमचं राहील, असं तो टेबलावर हात आपटून बोलला होता. पुरखे म्हणजे काय, रिटायर झालेल्यांची बॅच, अशी काहीतरी त्याची समजूत असावी. या बॅचमध्ये नवीन भरती होत असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घरात सांगणारी एकच होती, आणि तिला विचारायची पद्धत नव्हती.

त्यानं नगर पंचायतीच्या सीएमओ, म्हणजे मुख्याधिकारी, साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्या साहेबांचा एकच दोष होता, ते नियम वाचायचे.

"पार्षद जी, प्रस्ताव तो आपका ही था."

"हाँ सर, पर ये घर का मामला है."

"घर का है इसीलिए तो नहीं कर सकते. लोकार्पण के दिन ही नियम तोड़ेंगे? एक को आने देंगे, तो कल दस आएँगे."

"दहा मरतीन तवाच येतीन ना!" टीना मागून ओरडली. "हौसेनं कोणी येते का तिथं?"

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "एक ही रास्ता है. जो पत्थर पहले वहाँ से गए हैं, वो वापस आ सकते हैं. वो योजना भी आपकी ही है."

तीही होतीच. 'पत्थर लौटाओ, सम्मान पाओ.' इथून ज्यानं दगड नेला असेल त्यानं तो आणून द्यावा आणि शाल-श्रीफळ न्यावं. चोराचा सत्कार करणारी अशी योजना आसपासच्या कुठल्याही नगर पंचायतीला सुचलेली नव्हती. अडचण एवढीच होती, की अजून एकही माणूस पुढं आला नव्हता. सेमरडीहच्या प्रत्येक दुसऱ्या घरात एखादा पुरखा कामाला लागलेला आहे. कुणाच्या उंबऱ्याखाली, कुणाच्या पाण्याच्या टाकीखाली. शाल मिळते म्हणून घराचा पाया कोण उकरणार? आणि खुद्द पार्षदसाहेबांच्या घरामागचा धुण्याचा दगड कुठून आला, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. घर बांधताना शामरावांनी तो ट्रॅक्टरवर टाकून आणला होता. गेल्या आठवड्यापासून त्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर जुना कूलर ठेवलेला होता, डिसेंबरात.

फोन बंद झाला. मोनानं इस्त्री बाजूला ठेवली.

"फिर सिंपल है ना. काकीचाच दगड लौटाया हुआ दाखवा. दगडावर थोडी लिहिलं राहते नवा का जुना? काकीचं काम होऊन जाईन, अन् आपल्या योजनेले पहिला दगड बी भेटन."

भूषणनं बायकोकडे आदरानं पाहिलं. तिकीट खरं तर हिलाच द्यायला हवं होतं.

"अन् चोर कोण?" टीनानं विचारलं. "स्टेजवर उभं राहून 'मी नेला होता' कोण म्हणन? तू?"

"मी कसा म्हणू? माहं तिकीट..."

"मोठेबाबा?"

शामरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग बाबाच ना," टीना म्हणाली.  "बोला ना सरळ. आपल्या घरात जे कोणीच उचलत नाही थे शालिकरामच्या डोक्यावर ठेवा. माह्या आईले आणलं तवापासून हेच चालू हाय."

शकुबाई मागच्या दारात सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. बोलल्या एवढंच, "चहा घेता का कोणी?" कुणालाच नको होता.

*

शालिकराम टेम्पोच्या पाठीमागच्या फळीवर दगडाला टेकून बसला होता. दगड नदीतून निवडून आणलेला, राखाडी, वरच्या टोकाला थोडा कललेला. हिरा पण मान जराशी कलती करूनच ऐकायची. तो हे कुणाला बोलला नाही. लोक म्हणाले असते म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

समोर ग्रिल चकाकत होतं. प्रत्येक जोड त्याच्याच हातचा होता. प्लांटमध्ये त्यानं जन्मभर वेल्डिंग केलं. लोक डब्यातून तांब्याची तार आणायचे, पितळेचे बुश आणायचे. एकानं तर अख्खी टेबलखुर्ची तुकड्यातुकड्यानं घरी नेऊन उभी केली. शालिकरामनं कधी एक इलेक्ट्रोड खिशात घातला नाही. त्याच्यापाशी ऐट करण्यासारखं तेवढंच होतं. भूषणनं ग्रिलचं सांगितलं तेव्हा त्यानं मजुरीही घेतली नव्हती. बायकोच्या मायबापाचं काम म्हणून केलं. हिरा तेव्हा आजारी होती, तरी त्याचा डबा घेऊन आली होती. फाटकाजवळ उभी राहून तिनं बराच वेळ पाहिलं आणि हसून म्हणाली, "सब डहर ला छेक देस. मोला कोन डहर ले भीतर लेगबे?" सगळीकडून अडवलंस, आता मला आत कुठून नेशील? त्याला ती थट्टा वाटली. तोही हसला होता. आता ते हसणं आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं.

भूषण कारमधून उतरला. मागोमाग टीना स्कूटरवरून आली. भूषणनं काकाला बाजूला नेऊन, खांद्यावर हात टाकून, मोनाची योजना सांगितली. तो फार मायेनं बोलत होता, त्यामुळे शालिकराम आधीच घाबरला.

"फक्त एवढंच म्हणायचं काका, की हा दगड घर बांधताना मी नेला होता, आता परत करून राहिलो. शाल देतीन, फोटो काढतीन, खेल खतम. काकी आत."

"म्हणजे मी चोरला म्हणू?"

"चोरला नाही हो. नेला."

"सबच्या समोर?"

"पेपरात आतल्या पानावर येईन. कोण वाचते?"

शालिकराम परत टेम्पोच्या फळीवर जाऊन बसला. मग त्यानं दगडावरून हात फिरवला. "म्हणतो," तो म्हणाला. "हिरा आत जात असंल तं म्हणतो. माहं काय राहिलं आता?"

"बाबा, नोको!" टीनानं त्याचा दंड धरला. "तुमी जन्मभर एक खिळा आणला नाही घरी. आईले किती घमंड होता त्याचा, माहीत हाय तुमाले?"

"थे गेली ना बेटा. घमंड घेऊन काय करू?"

मामला इथं मिटला असता. पण टेम्पोच्या पुढच्या बाजूनं बिसाहू आला. हिराचा थोरला भाऊ. डोक्याला गमछा, हातात पितळी लोटा. तो सगळं ऐकत होता.

"नइ होवय," तो म्हणाला.

"क्या नहीं होगा मामाजी?" भूषणनं हात जोडले. आदिवासी समाजाला हात जोडायची त्याला अलीकडे सवय लागली होती.

"लबारी मार के पखना नइ गड़ावन. मोर बहिनी कोनो के घर ले चोराय माल नोहय." खोटं बोलून आम्ही दगड उभा करत नाही, माझी बहीण म्हणजे कुणाच्या घरातून निघालेला चोरीचा माल नाही, असं तो म्हणाला, आणि आवाजही चढवला नाही.

"अहो, पण मग आत कसं जाईन? एकच रस्ता आहे!"

"ये जगा तो कभू बंद नइ रिहिस, बाबू. मनखे मरही, त पखना आही. तोर नियम मा मनखे मरना घलो बंद हे का?"

ही जागा कधीच बंद नव्हती, माणूस मेला की दगड येणारच, माणसं मरायची बंद झाली आहेत का तुझ्या नियमात, असं विचारल्यावर भूषण मांडवाकडे पाहू लागला. मांडवात माइकवाला 'हॅलो, चेक, हॅलो' करत होता. बिसाहूनं शालिकरामच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. शालिकराम फळीवरून उतरला नाही. बायकोबरोबर तोही परत निघाला.

*

तळ्याकडून गावात जायचा रस्ता एकच, आणि तो कापगत्यांच्या दारावरून जातो.

शकुबाई घरामागं उभ्या होत्या. त्यांनी लोकार्पणासाठी काठाची साडी नेसली होती. भूषणनं मांडवात हिराचा मोठा फ्लेक्स लावला होता, तो त्यांनी काल संध्याकाळी जाऊन पाहिला होता. 'आदिवासी समाज की गौरव, श्रीमती हीरा बाई कापगते.' श्रीमती! आणि कापगते! एवढ्या वर्षांत त्या बाईला जे राशन कार्डावर मिळालं नाही ते फ्लेक्सवर मिळालं होतं. फोटो कुठल्याशा लग्नातला, कापून काढलेला. हिराच्या खांद्याशी हिरव्या साडीची एक पट्टी राहिली होती. ती साडी शकुबाईंची होती. शेजारची मोठी जाऊ कापून टाकल्यावर धाकटी एकदम गौरव झाली होती.

काल तो फ्लेक्स पाहिल्यापासून शकुबाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं. आणि आज पोरांचं भांडण ऐकल्यावर तर त्या उठून मागच्या दगडाजवळच येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना एक गोष्ट राहून राहून टोचत होती. हिरानं या दगडावर कधी कपडे धुतले नाहीत. एकदाही नाही. घरचा सगळा धुण्याचा ढीग तिच्याच माथी असायचा, आणि ती शेजारच्या फुटक्या फरशीवर उकिडवी बसून धुवायची. फरशीनं तिची बोटं सोलून निघायची. शकुबाई येताजाता टोमणे मारायच्या, "राणीसाहेबाले दगड चालत नाही वाटते." हिरा हसून सोडून द्यायची. नवं धान घरात आलं की ती याच दगडावर चिमूटभर तांदूळ ठेवायची. शकुबाईंना वाटायचं, चिमण्यांसाठी ठेवते.

तिला माहीत होतं. हा दगड कुणाचा तरी बाप आहे, कुणाची तरी माय आहे, कदाचित तिच्याच आजीची आजी, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सासरच्यांनी आपल्या पुरख्याला चोरून आणलं, त्यावर साबण घासतात, लुगडी आपटतात, हे तिनं रोज डोळ्यांनी पाहिलं. आणि एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर ऐकणारं तरी कोण होतं? शकुबाईंनी तोंडात पदर कोंबला. त्यांना स्वतःची लाज वाटली.

रस्त्यावर टेम्पोचा आवाज आला. पाठीमागच्या फळीवर शालिकराम, मागं दगड, दोघं परत चाललेले. शकुबाई पुढच्या अंगणातून जवळजवळ धावत गेल्या आणि रस्त्याच्या मध्येच उभ्या राहिल्या.

"बिसाहू भाऊ, थांबा! गाडी आत घ्या."

"वहिनी, राहू द्या आता," शालिकराम वरूनच म्हणाला. "नाही होत म्हणते थे. परत नेतो."

"तुमी उतरा खाली, भाऊजी. परत कायले नेता? तिले काय या घरातून फिरून जायची सवय कमी हाय?"

त्या मागं गेल्या. कूलर ढकलून पाडला. ताडपत्री ओढून काढली. शामराव खुर्चीवरून उठले. त्यांनी इतक्या घाईनं शेवटचं कधी काही केलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं.

"काय करून राहिली वो? पागल झाली का?"

"दगड परत करून राहिली. योजना हाय ना तुमच्या लेकाची? घेते शाल."

"अवो, आज? मुख्य अतिथी बसले हायत तिथं! पोराचं तिकीट जाईन!"

"जाऊ द्या. तिकीट नाही भेटलं तं मरत नाही माणूस. मेलं तं जागा भेटली पाहिजे."

"अन् माहं नाव? गावभर होईन, शामरावनं चोरी केली."

"केली तं होईनच. ट्रॅक्टरवर कोण बसलं होतं, मी?" शकुबाईंनी कंबरेला पदर खोचला. "टेन्शन घेऊ नका, तुमचं नाव नाही घेत. माहंच सांगते. कपडे मीच धुतले ना याच्यावर?"

शामराव पुन्हा खुर्चीवर बसले. सिग्नल त्यांच्या हातातून गेला होता. बिसाहूनं काही विचारलं नाही. गमछा डोक्यावरून काढून त्यानं कंबरेला बांधला आणि दगडाच्या एका बाजूला उभा राहिला. ड्रायव्हर आला, शालिकराम आला. साबणानं बुळबुळीत झालेला पुरखा तिघांच्या हातून दोनदा निसटला. शकुबाई प्रत्येक वेळी "सांभाळून, लागन त्याले!" असं ओरडल्या.

*

मांडवात भूषण बोलत होता. भाषण चांगलं चाललं होतं. "ये पत्थर नहीं हैं," तो म्हणत होता, "ये हमारे बुजुर्ग हैं." समोरच्या सोफ्यावर मुख्य अतिथी काजू खात होते. बुजुर्गांना उन्हात उभं करून त्यांच्या नावानं सावलीत काजू खायचे, ही पद्धत नगर पंचायतीनं शोधली असं कुणी म्हणू नये, ती फार जुनी आहे.

"और अगर आज भी किसी भाई-बहन के घर में कोई पत्थर हो," भूषणनं आवाज भरून आणला, "तो मैं हाथ जोड़कर कहता हूँ, आगे आइए!"

हे वाक्य टाळीसाठी होतं. कुणी येणार नव्हतं. पण टेम्पो आला, हॉर्न वाजवत, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं थेट फाटकापर्यंत. पुढच्या सीटवर त्याची आई बसली होती.

शकुबाई उतरल्या, स्टेजची पायरी चढल्या आणि लेकाच्या हातातून माइक काढून घेतला. कुणी अडवलं नाही. पार्षदाची आई आहे, आशीर्वाद द्यायला आली असेल, असंच सगळ्यांना वाटलं.

"मी शकुबाई कापगते. भूषणची माय. आमच्या घरी इथला दगड होता. आमीच नेला होता. मी त्याच्यावर धुणं धुतलं. आता परत आणला. चुकी झाली." त्यांनी माइक परत द्यायला हात पुढं केला आणि पुन्हा ओढून घेतला. "साबण निघाला नाही पुरता. तेवढं पाहून घ्या."

मांडवात कुणाला हसावं की काय करावं ते कळेना. मुख्य अतिथी चावायचे थांबले. टाळ्या पडल्या त्या फक्त सीएमओ साहेबांच्या. त्यांचा नियम पहिल्यांदाच चालला होता. त्यांनी स्वतः कुलूप काढलं आणि फाटक उघडलं. धुण्याचा दगड आत गेला. शाल आणली गेली. मग साहेबांचं लक्ष टेम्पोतल्या दुसऱ्या दगडाकडे गेलं.

"माताजी, ये भी लौटा रही हैं ना?"

भूषण स्टेजवरून आईकडे पाहत होता. त्याचे डोळे 'हो म्हण' म्हणून गयावया करत होते. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं नियमात बसत होतं. बिसाहू गाडीजवळ ताठ उभा होता. टीनानं बापाचा हात धरला होता.

"नाही," शकुबाई म्हणाल्या. "हा नवा हाय."

"फिर तो ये नहीं जा सकता. किसका है?"

"माह्या जावेचा."

माइक अजून चालू होता. मागं तळ्यापर्यंत ऐकू गेलं. शालिकरामनं मान खाली घातली आणि सगळ्या गावासमोर रडायला लागला.

"कौन आपकी जाऊ? मतलब, देवरानी?"

"थे काय, फोटो लावला ना तुमी तिचा." शकुबाईंनी फ्लेक्सकडे बोट दाखवलं. "हिरा. माही जाऊ. लहानी जाऊ. आमच्या घरी राहिली, आमच्या घरी मेली." त्यांनी पुढच्या रांगेतली एक खुर्ची उचलली, उघड्या फाटकाच्या बरोबर मध्ये ठेवली आणि तिच्यावर बसल्या. "शाल इथंच आणा. थे आत जाईपर्यंत हे फाटक लागत नाही."

पेपरवाल्यांचे कॅमेरे इकडे वळले. साहेबांनी घाम पुसला. "पार्षद जी, प्रस्ताव आपका है. आप ही बताइए, क्या करें?"

भूषणनं आईकडे पाहिलं. काकाकडे पाहिलं. मुख्य अतिथींच्या चेहऱ्यावर आपलं तिकीट शोधून पाहिलं, ते तिथं नव्हतं. तो काहीच बोलला नाही आणि त्यानं काहीच केलं नाही. पार्षद झाल्यापासून त्याच्या हातून घडलेलं हे पहिलंच चांगलं काम म्हणावं लागेल.

बिसाहू आणि शालिकरामनं दगड खांद्यांवर घेतला. शकुबाईंनी गुडघे आवरून वाट दिली. आत टाइल्स होत्या; शालिकरामनं पहार मागितली आणि दोन टाइल्स फोडून खाली माती मोकळी केली. नंबर अडुसष्ट, म्हणजे तिचा बाप, आणि नुकताच परत आलेला विनानंबरचा धुण्याचा दगड यांच्या मध्ये हिरा उभी राहिली, वरून जराशी कललेली. टीना जमिनीवर बसून मूठमूठ माती दाबत होती.

बिसाहूनं पितळी लोट्यातलं पाणी दगडावर ओतलं, थोडं मागं ठेवलं आणि फाटकाशी येऊन लोटा शकुबाईंपुढं धरला.

"जेन अपन कहिथे, तेन पीथे."

जो आपलं म्हणतो तो पितो. टीनानं मोठ्या आईकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. हिराच्या हातचं पाणी शकुबाईंनी कधी घेतलं नव्हतं. गुडघे धरले असले, ताप असला, तरी उठून स्वतः माठापर्यंत जायच्या, आणि हिरा भरलेला पेला हातात घेऊन तशीच उभी असायची.

शकुबाईंनी लोटा दोन्ही हातांनी धरला. पाणी हनुवटीवरून काठाच्या साडीवर सांडत होतं, तरी त्यांनी लोटा तळापर्यंत रिकामा केला. बिसाहूनं तो परत घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी दिला नाही.

"अजून द्या," त्या म्हणाल्या.